चर्चच्या खिडकीत टोस्ट

कुलारा
१४ ऑक्टोबर

नोलीन मावशी,

शनिवारपासून मला झोप नाही. मार्लीच्या खाटेला पाठ लावून जमिनीवर बसते आणि गाडीचा आवाज आला की पडद्यातून बघते, कुणी बाई फाईल घेऊन उतरतेय का. अजून कुणी आलं नाही. पण येतील. चहाच्या रांगेत मी माझ्या कानांनी ऐकलंय.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण दुसऱ्याकडून कळलं तर वाईट कळेल. तुम्ही घर दिलंत तेव्हा म्हणालात, कुत्रं नको, मांजर नको, बाग सांभाळ, बास. उंदराचं काही बोलला नव्हतात. मीही विचारलं नाही. ते माझं चुकलं, लिहून देते. आठ महिने झाले माझ्याकडे दोन उंदरिणी आहेत. रानातल्या नाहीत, पाळायच्या, ब्रोडीने मार्लीच्या वाढदिवसाला ॲडलेडहून आणल्या. तपकिरी आहे ती टोस्ट, पांढरी आहे ती डचेस. पिंजरा मी रोज धुते. माझे स्वतःचे केस रोज धुवत नाही मी.

तर मला फोटो काढायचा नाद लागला. डेसकाकांची ती पाखरांची घरं आहेत ना खांबांवर, एकोणीस. चर्च, पब, शाळा, धान्याची कोठारं, तुमचं पोस्ट. इतकी सुंदर आणि एकात पाखरू नाही. मला वाटायचं, गाव बांधून ठेवलंय आणि राहायला कुणी नाही. म्हणून एक दिवस टोस्टला चर्चच्या खिडकीत बसवलं. चौकटीला आतून शेंगदाण्याचं लोणी बोटभर लावायचं, म्हणजे ती तिथेच चाटत बसते. मी खाली पोत्यावर गुडघे टेकून. मार्ली मागून बेदाणा दाखवते, म्हणजे टोस्ट मान वर करते. चाळीस फोटो काढावेत तेव्हा एक होतो. त्या दिवशीचा झाला. सकाळचं ऊन मिशांवर पडलेलं, दोन्ही हात चौकटीवर, जसं काही पाद्री बघतोय कोण कोण आलं.

तो मी गावच्या शेतीच्या प्रदर्शनात, शोमध्ये दिला. ‘बागेतलं लाडकं जनावर’ असा एक भाग असतो तिथे. पहिला आला मावशी! निळी फीत. माझं आयुष्यात कशात काही पहिलं आलं नव्हतं. मार्लीला उचलून दाखवायला गेले दुपारी, तर फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. फीत वरच, फोटो उलटा. मी सरळ केला. कमिटीतले एक काका आले, म्हणाले, “राहू दे गं पोरी. लोकांना त्या वर्षाची आठवण येते. एक बाई जेवण टाकून गेली.”

मी म्हटलं, “अहो पाळलेली आहे ती. नाक पुसते मी तिचं.”

“उंदीर तो उंदीर,” म्हणाले. “नाक पुसलं म्हणून काय होतं.”

मग चहाच्या रांगेत माझ्या पुढे दोघी. “नोलीनच्या घरात राहते ना, तिचं काम ते.” “जिला नवरा नाही ती?” “तीच. पोर आहे तिला दोन वर्षांचं.” “उंदरांत पोर? अगं, कुणीतरी वेल्फेअरला, त्या पोरं नेणाऱ्या ऑफिसला, कळवायला पाहिजे.” मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी मार्लीला घेतलं आणि चहा न घेता आले.

तुम्हाला माहीत आहे आमचं. मी सहा वर्षांची, भाऊ ब्रोडी नऊ. दोन गाड्या आल्या, त्याला एकीत, मला एकीत. काचेला तोंड लावून तो ओरडत होता ते मला ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड हलताना दिसत होतं. तो काय सांगत होता हे त्याला आज आठवत नाही. मला मात्र तोंड आठवतं.

मी काय वाईट केलं मावशी? एक फोटो काढला. त्या बायकांच्या घरी जाऊन मी त्यांची भांडी बघू का?

उत्तर लवकर टाका.

टानी


ॲडलेड
१५ ऑक्टोबर

टानी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. कंबरेचं हाड मोडलेल्या म्हातारीला चार ओळी लिहिणं फार अवघड आहे का? असो.

काल माझी एक मैत्रीण भेटायला आली. तिने फोनवर एक फोटो दाखवला. म्हणे शोमध्ये भिंतीवर लावला होता. ती पुष्कळ काही सांगत होती, पण मला एका कानाने ऐकू येतं आणि इथे वृद्धाश्रमाच्या जेवणघरात भांड्यांचा गोंगाट, त्यामुळे तिचं निम्मं माझ्यापर्यंत पोचलं नाही. डोळे मात्र शाबूत आहेत. डेसच्या चर्चमध्ये उंदीर! खिडकीत हात टेकून बसलेला, घरमालकासारखा. आणि तू काठी उचलायची सोडून फोटो काढतेस? वर तो गावाला दाखवतेस?

तू तेव्हा कुलाऱ्यात नव्हतीस. आम्ही होतो. त्या वर्षी सगळ्या गावावर उंदरांची धाड आली होती, मी पोस्टात सकाळी खण उघडला की पत्रांचा भुसा निघायचा. पिठात, उशीत, झोपलेल्या माणसाच्या केसांत. डेस आणि शेजारचा केल्विन रोज मेलेल्या उंदरांच्या बादल्या भरून टाकायचे. डेस त्यातच खचला, हे डॉक्टरने नाही म्हटलं तरी मला माहीत आहे. पुन्हा ते वर्ष मी येऊ देणार नाही.

जे करायचं ते मी केलं आहे. ज्याला लिहायचं त्याला आजच्याच टपालाने लिहिलं आहे. तो काय ते बघेल. तुला काही करावं लागणार नाही. तू फक्त मध्ये पडू नकोस.

मार्लीला पापा.

नोलीन मावशी


कुलारा
१८ ऑक्टोबर

मावशी,

तुमचं पत्र आत्ता आलं, उभ्या उभ्याच लिहितेय, अक्षर वाचता नाही आलं तर माफ करा.

माझं पत्र आणि तुमचं वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. आता माझं मिळालं असेल. आता कळलं ना, ती टोस्ट आहे, रानातली घाण नाही? मग सांगा, कुणाला लिहिलंत? “ज्याला लिहायचं त्याला.” कोण तो? कुठल्या ऑफिसातला? “तो बघेल”, “मध्ये पडू नकोस”, हे बोलणं मी ओळखते मावशी. हे मी सहा वर्षांची असताना ऐकलंय. त्या बाईनेसुद्धा आईला हेच सांगितलं होतं, तुम्ही मध्ये पडू नका.

बाहेरच्यांनी केलं असतं तर सोडून दिलं असतं. चहाच्या रांगेतल्या बायका काय, तोंडाला येईल ते बोलतात. पण तुम्ही? तुम्ही माझ्या आईची बहीण, चुलत का असेना. मी तुमच्या गुलाबांना भांडी धुतलेलं पाणी घालते, ह्या उन्हात एक झाड जाऊ दिलं नाही. डेसकाकांच्या घरांना दोनदा रंग दिला, पबचं छप्पर गळत होतं ते ब्रोडीकडून करून घेतलं. आणि तुम्ही मला न विचारता माझ्या पोरीबद्दल कुणाला तरी लिहून टाकलंत?

एकदा विचारायचं होतं. दोन ओळी. “टानी, हे काय आहे?” एवढंच.

उंदरिणींना मी बाहेर काढणं बंद केलंय. पडदे लावलेत. मार्ली विचारते, “टोस्ट चर्च? टोस्ट चर्च?” मी काय सांगू तिला, की टोस्टमुळे तुला नेतील?

नाव सांगा त्याचं. कुणाला लिहिलंत.

टानी


१९ ऑक्टोबर
(फाटकात अडकवलेली चिठ्ठी)

टानी,
नोलीनने लिहिलं होतं ते उरकलं. तू घरी नव्हतीस. फाटक कुरकुरत होतं, त्याला तेल घातलं. पिशवीतली लिंबं तुला. सोमवारपासून कापणी, पोराच्या शेतावर आहे, तिकडेच झोपेन. माझं टपाल जमलं तर आत घे.
केल्विन, शेजारचा


ॲडलेड
२२ ऑक्टोबर

टानी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं वाचून मी दुपारचं जेवले नाही.

मी एकतीस वर्षं कुलाऱ्याचं पोस्ट चालवलं. त्या गावात कोण कुणाला लिहितं, कोणाचं उत्तर येत नाही, कोणाला कोर्टाचं पाकीट येतं, हे सगळं माझ्या हातातून गेलं. एक पत्र मी उघडलं नाही. एक गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली नाही. दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटाला हात लावणारा माणूस माझ्या लेखी चोर, हे तुला लहानपणी मीच शिकवलं होतं. आणि मी, मी कुठल्या ऑफिसला तुझी चुगली लिहीन? पोरी, तुला नेलं त्या दिवशी मी त्या ऑफिसच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसले होते. तुला कुणी सांगितलं नसेल. त्यांनी मला आत घेतलं नाही, कारण मी सख्खी नव्हे.

वेल्फेअरला मी लिहिलेलं नाही. पुन्हा हा आरोप करू नकोस.

पाळलेले आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तू आठ महिने लपवलंस, म्हणून ठाऊक नव्हतं. आधी सांगितलं असतंस तर मी आरडाओरडा केला असता, आणि मग गप्प बसले असते. नेहमी तसंच करते. मी पहिल्या पत्रात जे काही ज्याला लिहिलं, ते आज दुसऱ्या पत्राने मागे घेतलं आहे. विषय संपला.

घरांना रंग दिलास हे मला कुणी कळवलं नव्हतं. कोणता दिलास?

नोलीन मावशी


कुलारा
३० ऑक्टोबर

मावशी,

पायरीचं वाचलं. मार्ली येऊन माझे गाल पुसत होती. मला वाटायचं त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं. पंधरा वर्षं मी हेच धरून बसले. वेल्फेअरचं बोलले त्याची माफी मागते.

पण राग अजून गेला नाही, तो तुम्हाला सांगितलेला बरा. “मागे घेतलं” म्हणजे काहीतरी होतंच ना? तुम्ही नाव सांगत नाही. मग मी हिशोब लावला. केल्विनने चिठ्ठी ठेवली होती की तुम्ही लिहिलेलं काम उरकलं, आणि फाटकाला तेल घातलेलं. आता उघडलं तर आवाजच नाही, मला रात्री त्या आवाजाचाच आधार होता, कुणी आलं तर कळायचं! तर केल्विनला लिहिलं होतं का? फाटकाचं? मग एवढं लपवायचं काय त्यात? आणि त्याला सांगितलंत का माझ्यावर नजर ठेव म्हणून? तसं असेल तर तसं सांगा. मला तोंडावर बोललेलं चालतं.

चर्चला पांढरा, पबला तो जुना हिरवा, पोस्टाला लाल. डेसकाकांच्या डब्यात तळाला उरलेलाच रंग होता, तोच पुरवला.

टानी


ॲडलेड
६ नोव्हेंबर

टानी,

हो, केल्विनलाच. फाटकाचं, आणि तुझ्याकडे जरा लक्ष दे म्हणून. तुला आवडणार नाही हे माहीत होतं, म्हणून बोलले नाही. झालं समाधान?

आता मी जे लिहिते आहे ते लिहायला मला तीन दिवस लागले. ती मैत्रीण पुन्हा आली होती. तिला तो फोटो परत दाखव म्हटलं, आणि या वेळी चष्मा लावून, खोलीचं दार बंद करून बघितला. टानी, ती हसते आहे का गं? उंदीर हसतात का? डेसने ते चर्च बांधलं तेव्हा खिडकीची नक्षी कोरायला त्याला सबंध हिवाळा लागला. मी म्हणायचे, भोक एवढं लहान, कोण येणार आहे तुझ्या चर्चला? तो म्हणायचा, येईल कुणीतरी, ज्याला बसेल तो येईल. बारा वर्षं कुणी आलं नाही. तो गेला तरी आलं नाही.

एक मागते. दुसरीला, त्या पांढऱ्या बाईला, पोस्टात बसव. खिडकीच्या आत, जिथे मी बसायचे. आणि मला फोटो पाठव. इथे भिंतीला खिळा आहे, त्यावर काही नाही.

पडदे उघड. पोरीला उन्हात ने.

नोलीन मावशी


कुलारा
१५ नोव्हेंबर

मावशी,

आधी ही बातमी. सोमवारी ती आली. फाईल घेऊनच आली. फाटक वाजलं नाही, एकदम दारात. नाव विचारलं तिने, मला माझं नाव सांगता येईना. बाई तरुण होती, माझ्याएवढीच असेल. म्हणाली, “घाबरू नकोस, कुणीतरी कळवलं की बघावं लागतं.” मी म्हटलं, “बघा ना. सगळं बघा. फ्रिज बघा, न्हाणीघर बघा, माझ्या पायाखाली बघा.” तिने पिंजरा बघितला, वास घेतला, म्हणाली, “माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे हे.” मार्लीने डचेसला तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं! मी डोळेच मिटले. ती किंचाळली, मग हसली, मग म्हणाली, “हिचं नाव काय?” जाताना म्हणाली, काही नाही, मी तसं लिहीन. मावशी, त्या रात्री मी झोपले. शोनंतर पहिल्यांदा, सकाळपर्यंत.

पण चीड येते ती येतेच. माझं घर बघायला माणूस आला आणि मी आभार मानले. कशाचे आभार? माझी पोर माझीच आहे असं तिने लिहिलं, त्याचे?

आता फोटो. सोबत आहे बघा. तीन सकाळी लागल्या. डचेस शहाणी, पोस्टात बसली ती बाहेर यायला तयारच नाही, आत काय तिला मिळालं कुणास ठाऊक, कुरतडत बसली. टोस्टचंही तेच, एका घरातून काढली की दुसऱ्यात, लोण्याकडे बघतसुद्धा नव्हती. मार्ली माझ्याबरोबर पोत्यावर. आता तिचा हात खांबावर पुरतो, बेदाणे ती स्वतः आत टाकते आणि स्वतःच काढून खाते, टोस्टचे तोंडातले. काल जीभ बघितली तर निळी, दात निळे. खडू खाल्लेले बाईंनी. धुतली तर मला चावली.

खिडकीत बघा. पुढचे दोन्ही पाय चौकटीवर, तुम्ही तिकिटं द्यायला बसायचात तशीच. खिळ्याला लावा.

टानी


ॲडलेड
२२ ऑक्टोबर
(पाकिटावर: श्री. केल्विन, कुलारा)

केल्विन,

माझ्या मागच्या पत्रात डेसच्या घरांमध्ये औषध टाकायला सांगितलं होतं. अजून टाकलं नसशील तर टाकू नकोस. टाकलं असशील, आणि तू टाकलंच असशील, तुला ओळखते, तर आजच्या आज प्रत्येक घरातून दाणा न् दाणा काढ. चिमट्याने काढ, मग पाणी मारून धू. एकोणीस घरं आहेत, मोजून एकोणीस. तुझ्या शेडमधलं ते निळं, ज्याने जनावराचं रक्त पातळ होऊन आतल्या आत जातं, त्या वर्षी डेसची कुत्री ज्याने गेली, तेच घातलं असशील.

ते उंदीर पोरीचे आहेत. पाळलेले. आणि तिथे लहान लेकरू आहे, हे मी रागात विसरले. लेकरू विसरले, केल्विन.

टानीला यातलं काही सांगू नकोस. ती आधीच मला वैरीण समजते. तू काढलंस की झालं, कुणाला काही कळायची गरज नाही.

नोलीन


कुलारा
२० नोव्हेंबर, सकाळ

जो कुणी हे वाचेल त्याला,

मी टानी. नोलीनच्या घरात राहते. हे पाकिटावर लिहितेय कारण आतलं पत्र मला बरोबर न्यायचंय, ते दाखवायचंय. हे मी टपालपेटीला चिकटवतेय. आज बुधवार, पोस्टमन येईल. पोस्टमन असो, केल्विन असो, कुणीही असो, पूर्ण वाचा.

वणव्याच्या धोक्याचा दिवस म्हणून काल संध्याकाळपासून वीज तोडलीय. टॉवर बंद. फोन लागत नाही. ह्या रस्त्यावरची सगळी माणसं पाण्याच्या गाड्यांवर गेलीयत, मी चार दारं वाजवली.

सोमवारी मार्लीच्या नाकातून रक्त आलं. मला वाटलं ऊन. काल टोस्ट मेली, तिच्याही नाकातून. आणि मार्लीच्या पाठीवर, मांड्यांवर डाग उठले, काळे-निळे, कुणी मारल्यासारखे. कुणी मारलं नाही. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही.

खरं लिहिते. काल संध्याकाळीच मी निघायला पाहिजे होतं. गाडीची किल्ली हातात घेऊन बसले होते. ते डाग बघून दवाखान्यात पहिलं काय विचारतील? नुकती फाईल झालीय माझी. पोर देईन आणि परत मिळणार नाही, असं वाटलं. म्हणून एक रात्र गेली. ती रात्र माझी. पण मला अशी भीती घातली कुणी? चहाच्या रांगेत उभं राहून कुणी घातली?

केल्विनचं टपाल महिनाभर माझ्या फ्रिजवर आहे. त्यात हे पाकीट होतं, मावशीचं अक्षर. पहिल्या दिवशीच मी ओळखलं. रोज बघायचे. माझ्याबद्दल त्याला काय लिहिलंय, रोज जीव जायचा. पण उघडलं नाही. दुसऱ्याचं पाकीट उघडतो तो चोर, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. एक महिना चांगली पोर होऊन बसले मी. ते माझ्यासाठीच होतं आणि त्यावर नाव केल्विनचं. आज पहाटे फाडलं.

आणि फोटो त्यांनी मागितला. “पोरीला उन्हात ने.” विष काढून झालंय असं धरून मागितला. एकदा बघायचं होतं. मला विचारायचं होतं, टानी, घरांत काही आहे का बघ. मला फाटकाचं सांगितलं. तेलाचं.

पोस्टाच्या घरात अजून निळे दाणे आहेत, मी हात घालून बघितलं. कुणाचं पोर ह्या बागेत येऊ देऊ नका. डचेस पिंजऱ्यात आहे, जिवंत आहे, तिला कुणी काही टाकू नका. दार उघडं आहे.

मार्ली जागी आहे. पाणी पितेय. “टोस्ट झोपली” म्हणते. तिला मागे बसवलंय. मी बंदरावर, पोर्टच्या दवाखान्यात चाललेय, मोठ्या रस्त्याने. दोन तास लागतात. केल्विनच्या शेडमधून त्या निळ्याचा डबा उचललाय, त्यावर नाव आहे. डॉक्टरला डबा दाखवीन, पत्र दाखवीन. पण ती लोकं आधी माझ्याकडे बघतील. मग तिच्या पाठीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तिथे मला बोलता येत नाही, तोंड नुसतं हलतं.

माझा भाऊ पोर्टलाच असतो, धान्याच्या धक्क्यावर काम करतो. त्याला बोलता येतं. मी पोचायच्या आत तो दवाखान्याच्या दारात उभा असला पाहिजे. त्याला सांगा, मार्लीने उंदराचं निळं विष खाल्लंय, सहा-सात दिवस झाले, त्याचं औषध काढून ठेवायला लावा. आणि सांगा, ह्या वेळी दोन गाड्या होऊ देऊ नकोस.

मावशीला कुणी आधी कळवू नका. तिला मी लिहीन, काय लिहायचं ते बघून.

जिथे फोन लागेल तिथे थांबा. नंबर खाली दोनदा लिहिलाय, एकदा पेनाने, एकदा मार्लीच्या खडूने मोठा. नाव ब्रोडी. माझ्या भावाला फोन करा.